नळी ज्याची, हात त्याचा

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात सगळ्यांचं लक्ष बिलाकडे असतं. मुलगा खाली काउंटरवर, सून उरलेली औषधं परत करायला मेडिकलमध्ये, जावई गाडी कुठे लावू म्हणून फोनवर. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस धुतलेले कपडे घालून पलंगाच्या कडेला बसलेला. घरी जायचा आनंद आणि थोडी धास्ती, दोन्ही चेहऱ्यावर. तेवढ्यात सिस्टर फाइल घेऊन येते आणि एका दमात सांगून टाकते : पिशवी भरली की रिकामी करा, नळी ओढली जाऊ देऊ नका, ताप आला तर आणा, दहा दिवसांनी ओपीडीत दाखवा. सगळे माना डोलावतात. घरी पोहोचेपर्यंत त्यातलं निम्मंही कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं, आणि कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं असतं ते फक्त ‘फोलीज केअर’, म्हणजे लघवीच्या नळीची काळजी.

मी इंदूरच्या एका रुग्णालयात सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त झाल्यावर राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर या भागांतून ओळखीपाळखीने बोलावणी येऊ लागली. “ताई, आमच्या बाबांना लघवीची नळी लावून घरी सोडलंय. जरा बघून जाल का?” वॉर्डात आम्ही नळी घालतो, पिशवी लावतो, तक्त्यावर आकडे लिहितो. ती नळी घरात गेल्यावर तिथल्या पलंगांमध्ये, संडासाच्या उंच पायरीत, पाहुण्यांच्या येण्याजाण्यात कशी नांदते, हे मला घरोघरी गेल्यावर कळलं. आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात दिसली. नळीबद्दल सगळे बोलत होते, मला सगळं सांगत होते, पण ज्याला नळी होती तो गप्प होता. सूचना मुलाला दिलेल्या, कागद सुनेकडे, पिशवीची वेळ नातवाच्या मोबाइलमध्ये. त्या माणसाच्या अंगातून निघालेल्या नळीचं त्याला स्वतःला कुणी काही शिकवलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला विद्यार्थी तो हवा. बाकीचे नंतर.

सुरुवात उंचीपासून करते, कारण बिघाडाची सुरुवात बहुधा तिथेच होते. चार-पाच दिवस वॉर्डात काढलेल्या नातेवाइकांच्या हाताला सलाईनची बाटली उंच धरायची सवय झालेली असते. घरी जाताना तोच हात लघवीची पिशवी उचलतो आणि खांद्याच्या उंचीवर धरतो. लिफ्टमध्ये, व्हीलचेअरवर, रिक्षात. कुणी ती पेशंटच्या मांडीवर ठेवतं, कुणी गाडीच्या सीटवर शेजारी. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की पिशवीतली लघवी नळीतून उलटी परत जाते, आणि पिशवीत तासन्‌तास साठलेल्या लघवीत जंतू वाढलेले असतात. बऱ्याच पिशव्यांना उलटा प्रवाह अडवणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. पिशवी कंबरेच्या खाली आणि जमिनीच्या वर. बसलेले असा, झोपलेले असा, गाडीत असा, नियम हाच.

वाचायला सोपं आहे. घरी अडतं ते पलंगापाशी. हॉस्पिटलच्या खाटेला लोखंडी दांडा असतो, पिशवीचा हूक त्यात अडकतो. आपल्याकडच्या बॉक्सच्या पलंगाला हूक अडकवायला जागाच नसते. जुन्या घरांत आजोबा दिवाणावर झोपतात, तोही बुटका. मग पिशवी फरशीवर लोळते. त्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे : पलंगाशेजारी एक स्वच्छ, कोरडी बादली ठेवायची आणि पिशवी तिच्या कडेला आतून अडकवायची. ही बादली दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. पलंग फारच बुटका असेल तर गादीखाली आणखी एक गादी घाला. नळीला मधे पीळ पडलेला नाही ना, ती अंगाखाली दबलेली नाही ना, हे झोपण्याआधी पेशंटनेच हाताने चाचपून बघायचं. अंधारातही त्याला ते करता येतं, कारण नळी कुठून कुठे जाते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

राजेंद्र नगरच्या एका घरातले काका बँकेतून निवृत्त झालेले. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली होती, त्यांनी अंगावर काढलं, आणि एका रात्री लघवी पूर्ण अडली. नळी घालून आणि प्रोस्टेट सैल करणारी गोळी सुरू करून त्यांना घरी सोडलं होतं. मी गेले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, पिशवीवर टॉवेल टाकलेला. लघवी काळ्या चहासारखी गडद, नळीत पांढरट गाळ. सून म्हणाली, बाबा हल्ली काही खात-पीत नाहीत. मी तिला म्हटलं, मला जरा काकांशीच बोलू दे. ती आत गेली.

“काका, ही पिशवी कोण रिकामी करतं?”

“मुलगा करतो. सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि मग संध्याकाळी आल्यावर.”

“आणि मधे भरली तर?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मधे भरू नये म्हणून पाणीच पीत नाही मी. सुनेला कसं सांगायचं?”

हे मी पुढे कितीतरी घरांत ऐकलं, वेगवेगळ्या शब्दांत. सुनेसमोर, मुलीसमोर, नातवंडांसमोर लाज वाटते म्हणून माणूस पाणी सोडतो. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, गाळ साठतो, नळी तुंबते, जंतूंना मोकळं रान मिळतं. वर बद्धकोष्ठता होते, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर व नळीवर दाब देऊन आणखी त्रास वाढवतं. या साखळीची पहिली कडी संकोच आहे. ती औषधाने तुटत नाही. पिशवी रिकामी करणं ज्याचं त्याच्या हाती दिलं की मात्र तुटते.

काकांना मी तेव्हाच शिकवलं. हात साबणाने धुवा. मोजपट्टी असलेला एक जग फक्त यासाठी वेगळा ठेवा. पिशवीच्या खालचं तोंड जगावर धरा, पण जगाला टेकवू नका. खटका उघडा, सगळी लघवी जाऊ द्या, खटका बंद करा, तोंड स्पिरिटच्या कापसाने पुसा, आकडा बघा, जग संडासात ओता, पुन्हा हात धुवा. दोन लिटरची पिशवी काठोकाठ भरेपर्यंत थांबायचं नाही. दोन-तृतीयांश झाली की रिकामी करायची, कारण भरलेल्या पिशवीचं वजन नळी खाली खेचतं. पहिल्यांदा त्यांचा हात थरथरला, दुसऱ्यांदा नाही. आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस. त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले : वेळ, किती मिलिलिटर, रंग, किती पाणी प्यालो. पुढच्या वेळी मी गेले तर डायरी माझ्यासमोर ठेवून त्यांनी सांगितलं की सकाळी अकरा ते दोनमध्ये लघवी कमी होते, म्हणजे त्या वेळात माझं पाणी कमी पडतंय. हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं.

पाण्याबद्दल थोडं. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेच पाळायचं. तसं बंधन नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर, आणि मे महिन्यातल्या मालव्याच्या उन्हात त्याहून जास्त. लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे, हेच माप. एकदम तांब्याभर पिऊन नंतर विसरून जाण्यापेक्षा दर तासाला थोडं थोडं. ताक चालतं, लिंबूपाणी चालतं, वरणाचं पाणी चालतं. इंदूरच्या सराफा बाजारातली शिकंजी दुधाची आणि साखरेची असते, तिला पाण्यात धरू नका, मधुमेह असेल तर मुळीच नको. आणि पोट साफ राहील असं जेवण. इंदुरी घरात वरण-भातावरही शेव असते, त्या सवयीला या दिवसांत थोडा आवर घालून पपई, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका वाढवा. जोर लावून शौचाला बसल्यावर लघवीत किंचित लाली दिसू शकते. ती थोड्या वेळात निवळली तर घाबरायचं कारण नाही.

नळी आत टिकते कशी, हे पेशंटला कुणी सांगत नाही. मग तो ती शिवलेली आहे असं समजून घाबरतो, किंवा नुसती घातलेली आहे असं समजून ओढून बघतो. नळीच्या आतल्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात गेली की बाहेरच्या रंगीत तोंडातून त्या फुग्यात साधारण दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात, कधी जास्त, आणि फुगा नळीला बाहेर घसरू देत नाही. फ्रेडरिक फोली या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाच्या नावाने ही नळी ओळखली जाते. १९३० च्या दशकात ती आजच्या रूपात आली. त्याआधी नळी आत ठेवायची तर बऱ्याचदा बाहेरून टेपने चिकटवावी लागे नाहीतर दोऱ्याने बांधावी लागे. आत फुगा आहे म्हणून दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवायच्या. फुगा भरलेला असताना नळी ओढली तर मूत्रमार्ग फाटतो, रक्त येतं, आणि ती जखम पुढे मार्ग अरुंद करू शकते. आणि ते रंगीत तोंड घरी कुणीही उघडायचं नाही, त्यात सिरिंज लावायची नाही, नळी कात्रीने कापायची तर अजिबात नाही.

त्या तोंडाचा रंग सहज लावलेला नसतो. हिरवा असेल तर नळी १४ नंबरची, नारिंगी १६, लाल १८. पॅरिसच्या शारिएर नावाच्या शस्त्रक्रियेची अवजारं बनवणाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ही मापं लावून दिली : तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर जाडी. १६ नंबरची नळी सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास भरते. पेशंटने हे पाठ करावं असं नाही, पण नळीचा नंबर, ती लेटेक्सची की सिलिकॉनची, फुग्यात किती पाणी, आणि घातल्याची तारीख, एवढं डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. रात्री दोन वाजता नळी तुंबून कुठल्याही इमर्जन्सीत पोहोचलात तर डॉक्टर हेच विचारतात.

तारखेचं महत्त्व फार मोठं आहे. सिलिकॉनची नळी साधारण बारा आठवड्यांपर्यंत ठेवता येते, साध्या लेटेक्सची त्याच्या कितीतरी आधी बदलावी लागते. नेमकं कधी ते डॉक्टर सांगतात, आणि नाही सांगितलं तर विचारायचंच. नळी अंगाला सरावते, त्रास होत नाही, मग घरचे विसरतात. विसरलेल्या नळीच्या टोकावर क्षारांचा थर चढतो, मूत्राशयात खडे धरतात, कधी फुगाच रिकामा होत नाही. त्यापेक्षाही आधीचा एक प्रश्न आहे जो डिस्चार्जच्या दिवशी क्वचित कुणी विचारतं : ही नळी काढायची कधी? नळीची खरंच गरज आहे का, आणि किती दिवस? नळी राहील तेवढा जंतुसंसर्गाचा धोका दर दिवशी वाढतो, त्यामुळे बाकी सगळे प्रश्न याच्या नंतरचे.

“मला लघवीला लागलीय.” नळी असलेला माणूस असं म्हणाला की घरचे चिडतात. “अहो बाबा, नळी आहे ना, आपोआप होतेय.” मी विनंती करते, असं म्हणू नका. त्याला खरंच लागलेली वाटते. फुगा मूत्राशयाच्या तळाशी टेकतो, आणि तीच नाजूक जागा आपल्याला ‘लागली’ असं कळवते. कधी मूत्राशय आकसून कळ येते आणि नळीच्या बाजूने थेंब गळतात. कपडे ओले होतात, मग नातेवाईक म्हणतात, नळी लहान पडतेय, मोठी घाला. मोठी नळी बहुधा त्रास वाढवते. आधी बघायचं की नळीला पीळ आहे का, पिशवी वर गेलीय का, दोन दिवस पोट साफ झालं नाही का. नळी मांडीला पट्टीने नीट बांधली आहे का, तेही. नळीला थोडी ढील ठेवून मायक्रोपोरने, म्हणजे कागदी चिकटपट्टीने, किंवा वेल्क्रोच्या पट्ट्याने मांडीच्या वरच्या भागाला लावली की चालताना ओढ बसत नाही. रोज मांडी बदलली तर कातडी खराब होत नाही. एवढं करूनही कळा थांबत नसतील तर त्यावर गोळ्या आहेत, डॉक्टर देतात.

आंघोळ. पेशंटला नळी आहे म्हणून महिना महिना ओल्या फडक्याने पुसून काढलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याची काहीच गरज नाही. पिशवी लावलेली ठेवूनच रोज आंघोळ करावी. नळी जिथून बाहेर येते तिथे साधा साबण आणि पाणी, मग नळी शरीराकडून बाहेरच्या दिशेने धुवायची. उलट दिशेने घासलं तर बाहेरची घाण आत ढकलली जाते. बायकांनी पुढून मागे. पुरुषांनी शिश्नावरची त्वचा मागे घेऊन धुवायची आणि धुऊन झाल्यावर ती आठवणीने पुढे आणायची. मागेच राहिली तर तिथे सूज येऊन ती अडकते, आणि मग तातडीने दवाखाना गाठावा लागतो. हे वाक्य वॉर्डात मोठ्याने कुणी बोलत नाही, म्हणून मी इथे लिहितेय. अँटिसेप्टिक, पावडर, मलम काही लावायचं नाही. आणि नळी व पिशवी जिथे जोडलेली आहे तो जोड उगाच उघडायचा नाही. तो उघडला की जंतूंना दार मिळतं.

सुदामा नगरच्या एका घरून एकदा संध्याकाळी फोन आला. सून रडत होती. “ताई, आईंची पिशवी जांभळी झालीय. पूर्ण जांभळी. त्यांना विष-बिष तर नाही ना झालं?” काकूंच्या मांडीचं हाड मोडलं होतं, बरेच दिवस अंथरुणावर होत्या, नळी लावलेली. मी गेले. पिशवी खरोखर जांभळ्या शाईने रंगवल्यासारखी होती. काकू मात्र शुद्धीत, ताप नाही, पोटात दुखत नाही. विचारलं, शौचाला कधी झालं? चार दिवस झालेलं नव्हतं.

असं होतं, आणि त्याची कारणं आता माहीत आहेत. अन्नातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकाचं आतड्यातले जंतू विघटन करतात. बद्धकोष्ठ असेल तर त्यांना त्यासाठी भरपूर वेळ मिळतो. त्यातून तयार झालेला पदार्थ यकृतातून होऊन लघवीत उतरतो, आणि नळीतल्या काही जातींच्या जंतूंनी त्यावर काम केलं की एक निळा आणि एक लाल रंग तयार होतो. निळा म्हणजे आपली नीळच. दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पिशवीला जांभळा रंग चढतो. अंथरुणावरच्या वयस्क स्त्रियांमध्ये हे जास्त दिसतं. काकूंना डॉक्टरांना दाखवलं, पोट साफ करायचं औषध दिलं, नळी आणि पिशवी बदलली, रंग गेला. सुनेला मी सगळं समजावलं, पण त्याहून जास्त वेळ काकूंजवळ बसले. कारण त्या रंगाला सगळ्यात जास्त त्या घाबरल्या होत्या. उशीखाली कुलदेवतेचा फोटो ठेवला होता आणि कुणाला एक शब्द बोलल्या नव्हत्या.

जंतूंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे चुकीची औषधं फार दिली जातात. नळी घातलेल्या माणसाच्या लघवीत जंतू येतातच. दिवसागणिक साधारण तीन ते सात टक्के पेशंटमध्ये ते शिरतात, आणि महिनाभर नळी राहिली तर जवळपास प्रत्येकाच्या लघवीत सापडतात. नळीच्या आतल्या भिंतीवर त्यांचा बुळबुळीत थर बसतो, गोळ्यांनी तो निघत नाही. म्हणून ताप नाही, दुखणं नाही, माणूस नेहमीसारखा आहे, आणि फक्त लघवी गढूळ दिसली किंवा वास आला म्हणून कल्चर, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी, करून घेणं आणि रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक घेणं, हे बहुतेक वेळा नुकसान करतं. त्या गोळ्यांना दाद न देणारे जंतू मागे उरतात, आणि खरा संसर्ग होतो तेव्हा हाताशी औषध राहत नाही. रिपोर्टचा फोटो मेडिकलवाल्याला पाठवून गोळ्या आणणाऱ्या मुलांना मी कळवळून सांगते : आधी पाणी वाढवा, पोट बघा, नळी बघा, आणि पेशंटला विचारा, तुम्हाला कसं वाटतंय?

ताबडतोब निघायचं केव्हा, तेही पेशंटलाच आधी माहीत हवं. दोन-तीन तास पिशवीत थेंबही आला नाही, नळीला पीळ नाही, आणि ओटीपोट फुगून दुखतंय, तर सकाळची वाट बघायची नाही. थंडी वाजून ताप आला तर नाही. पाठीत बरगड्यांच्या खाली दुखू लागलं, उलट्या झाल्या, लघवीत रक्ताच्या गाठी आल्या किंवा ती टोमॅटोच्या रसासारखी लाल झाली, नळी निसटून बाहेर आली, तर नाही. वयस्क माणसाला कधीकधी तापच येत नाही. तो फक्त अचानक असंबद्ध बोलू लागतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही, झोपून राहतो. नळी असलेल्या म्हाताऱ्या माणसात हे दिसलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

कुणी विचारेल, स्मृती गेलेल्या आजोबांना, पक्षाघात झालेल्या आजीला कसं शिकवणार? तिथे हात दुसऱ्याचा लागतो, हे खरंच आहे. पण त्यांनाही सांगता येतं. “आजी, पिशवी रिकामी करतेय हं.” “आजोबा, आता नळी धुणार, थोडं गार लागेल.” काही न बोलता कुणी आपली चादर उचलतं तेव्हा माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस नळी ओढतो. नळी लेंग्याच्या आतून मांडीला बांधली, डोळ्यांसमोर लोंबकळत ठेवली नाही, की ओढण्याचे प्रसंग कमी होतात. हात बांधून ठेवणं हा उपाय नाही. त्याने तडफड वाढते.

इंदूरला ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. नगर निगमची कचरागाडी रोज दारात यायची, चुकीचा कचरा परत द्यायची, कुठला खण कशाचा ते बोट दाखवून सांगायची, आणि स्वयंपाकघरातल्या हातांना सवय लागली. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पहिलं येत राहिलं ते त्या रोजच्या हातांच्या जोरावर. वापरलेली लघवीची पिशवीही त्याच गाडीत जाते : पूर्ण रिकामी करून, कागदात गुंडाळून, सॅनिटरी कचऱ्याच्या खणात. डायपर, पॅड जातात तिथेच. प्लास्टिक म्हणून सुक्या कचऱ्यात टाकली तर तो निवडणाऱ्या माणसाच्या हातात जाते.

सवय हाताला लागते, म्हणून माझा रुग्णालयांकडे एकच आग्रह आहे. डिस्चार्जच्या घाईत नको, आदल्या संध्याकाळी सिस्टरने पेशंटच्या पलंगाशी बसावं, पडदा ओढावा, आणि म्हणावं, “तुम्ही रिकामी करून दाखवा.” एकदा त्याने करावं, एकदा घरच्या माणसाने. त्याला काय समजलं ते त्याच्याच शब्दांत ऐकावं. मराठीत, हिंदीत, निमाडीत, जी त्याची भाषा असेल तिच्यात. यात पाव तास जातो. वॉर्डात सिस्टर कमी आणि पेशंट जास्त, हे मी सोसलेलं आहे, तरी म्हणते. शिकून गेलेला पेशंट मध्यरात्री तुंबलेली नळी घेऊन परत येण्याची शक्यता कमी असते.

राजेंद्र नगरच्या त्या काकांना पुढे मांडीला बांधायची छोटी पिशवी आणून दिली. पायजम्याच्या आत ती दिसत नाही. दिवसा तीच लावायची, रात्री मोठी. त्या पिशवीवर ते सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेले, मध्यंतरात स्वतः जाऊन रिकामी करून आले आणि दुसरा अंकही पूर्ण पाहिला. ठरलेल्या दिवशी सकाळी लवकर त्यांची नळी काढली. सकाळी काढतात म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. पहिल्या एक-दोन दिवसांत जळजळ होते, थोडी घाई लागते, थेंब गळतात, ते कमी होत जातं. पण चार ते सहा तासांत लघवी झालीच नाही, किंवा थेंब थेंब येऊन ओटीपोट दुखू लागलं, तर परत जायचं. काकांना दुपारी मोकळी झाली. त्यांनी डायरीत आकडा लिहिला.

सगळ्यांना होतेच असं नाही. होत नसेल तर पुन्हा काही दिवस नळी, गोळ्या, पुन्हा प्रयत्न, किंवा ऑपरेशन. काहींचं मूत्राशयच कमजोर झालेलं असतं, जुन्या मधुमेहाने किंवा मणक्याच्या दुखापतीने. त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिड्स या डॉक्टरांनी मांडलं की कायमची नळी ठेवण्याऐवजी पेशंटने दिवसातून काही वेळा स्वतःच पातळ नळी घालावी, मूत्राशय रिकामं करावं आणि नळी काढून टाकावी. त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. जंतूंपेक्षा तुंबून ताणलेलं मूत्राशय जास्त घातक, हा त्यांचा मुद्दा होता, आणि आज जगभर ही पद्धत शिकवतात.

लोकमान्य नगरच्या एका निवृत्त शिक्षिकेला डॉक्टरांनी हे सुचवलं तेव्हा त्या नाही म्हणाल्या. साठी उलटलेली, मधुमेह जुना, डोळ्यांना कमी दिसायचं. “मला नाही जमायचं हो ताई. स्वतःच्या हाताने?” आरसा घेऊन बसलो, मग लक्षात आलं की आरशाने उलट गोंधळ होतोय. आरसा ठेवून दिला आणि बोटाने जागा ओळखायला शिकवलं. पहिले काही दिवस मी शेजारी असायचे, नंतर दाराबाहेर, नंतर नुसती फोनवर. आता त्या दिवसातून चार वेळा करतात, पर्समध्ये नळ्यांचं पाकीट ठेवतात, आणि परवा मला विचारत होत्या की ओंकारेश्वरला जायचंय, तर गाडीतून जाताना मधे हात धुवायला कुठे थांबावं. मी सांगितलं, पाण्याची बाटली आणि साबण सोबत ठेवा, वाटेतल्या बडवाहपाशी थांबा.